पैसे भरून छापणार नाही

आम्ही नांदेड-लातूरचे संशोधक विद्यार्थी, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि कायम नोकरीतले काही शिक्षक. पैसे घेऊन न वाचता छापणाऱ्या नियतकालिकांना आजपासून आम्ही आमचं काम देणार नाही.

ती वाट आम्हाला ठाऊक आहे, आम्हीच ती चाललो आहोत. चर्चासत्राची फी भरायची, निबंध मेल करायचा, जेवणाच्या सुट्टीआधी विशेषांक हातात. त्यावर आयएसएसएन असतो, इम्पॅक्ट फॅक्टरही असतो. निबंध मात्र कुणी वाचलेला नसतो. तासांवर मानधन घेणारा माणूस मुलाखतीतल्या गुणांसाठी हे पैसे उसने काढतो. त्याला आम्ही दोषी धरत नाही. निबंध न वाचता त्यांची संख्या मोजणाऱ्या पद्धतीने त्याला तिथे नेलं.

२०१८ मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हेच चित्र आकड्यांत मांडलं. विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीत आलेली १००९ नियतकालिकं त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने त्या यादीतून ४३०५ नावं काढून टाकली. मग यूजीसीची नवी ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. दुकानं चालूच आहेत.

आणि ज्यावर खरं संशोधन व्हायला हवं, ते आपल्या पायाखाली काय चाललं आहे? १९९२ च्या ऑक्टोबरात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंपाचे धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली. वर्षभराच्या आत, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला आपलं विद्यापीठ उभं राहिलं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडच्या घरांत जाणवले. वसमतकडच्या गावांत लोक जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल सांगतात. तिथे जाऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवणं हे आपलं काम आहे. त्याला वेळ लागतो, आणि ते विशेषांकात मावत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं आहे: दर महिन्याला एकदा नांदेडला, एकदा लातूरला बसू आणि छापायला देण्याआधी एकमेकांचं लिखाण वाचू, तोंडावर चुका सांगू. मूळ नोंदी मागेल त्याला दाखवू. फसलेला प्रयोगही मांडू. ज्या गावात काम केलं, त्या गावाला निष्कर्ष मराठीत लिहून देऊ. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव निबंधावर जाणार नाही, मग तो मार्गदर्शक का असेना. हे शेवटचं सगळ्यात जड जाणार आहे.

निवड समित्यांकडे मागणी एकच: उमेदवाराचे दहा निबंध मोजू नका, त्याने निवडून दिलेला एक वाचा आणि त्यावरच त्याला प्रश्न विचारा.

मार्गदर्शक सर, मॅडम, उद्या विद्यार्थी निबंध घेऊन सहीला आला, तर आधी त्याची नोंदवही मागा.