मैंदर्गीच्या रुग्णावर संशोधन कोण करणार?

सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकच्या सीमेलगत वसलेले मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील नगरपालिका असलेले छोटे गाव. येथील रुग्ण अत्यवस्थ झाला, की त्याच्या नातेवाइकांची वाट ठरलेली असते. आधी गावातील डॉक्टर, मग अक्कलकोट आणि तेथून सोलापूर. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे. परंतु जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या किंवा कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या रुग्णाच्या दृष्टीने या प्रवासातील प्रत्येक मिनिट मोलाचे असते. अखेर तो अतिदक्षता विभागात पोहोचतो आणि उपचार सुरू होतात. हे उपचार कोणत्या रुग्णांच्या अभ्यासातून ठरले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो विचारणे आता आवश्यक झाले आहे.

परदेशी संशोधनाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या अभ्यासाने कृत्रिम श्वसनाची पद्धत बदलली. फुफ्फुसांना गंभीर इजा झालेल्या रुग्णाला व्हेंटिलेटरवर मोठे श्वास देण्याऐवजी लहान श्वास दिले, तर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, हे त्यातून दिसले. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे सिद्ध केले. या दोन्ही निष्कर्षांचा लाभ जगभरच्या रुग्णांना झाला. सोलापूरही त्याला अपवाद नाही.

प्रत्येक निष्कर्ष मात्र असा सर्वत्र लागू पडतोच असे नाही. रक्ताभिसरण खालावलेल्या रुग्णाला झपाट्याने भरपूर सलाइन द्यावे, हा पाश्चात्त्य रुग्णालयांतील पाठ जगभर गिरवला गेला. युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ तापग्रस्त, अत्यवस्थ मुलांवर याच उपचाराची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकविश्वाला धक्का बसला. ज्या मुलांना झपाट्याने सलाइन दिले, त्यांच्यापैकी साडेदहा टक्क्यांहून अधिक ४८ तासांत दगावली. ज्यांना दिले नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होते. पुढे २०१७ मध्ये झांबियातील प्रौढ रुग्णांतही असाच अनुभव आला. सलाइन, रक्तदाब वाढविणारी औषधे व रक्त देण्याची ठरावीक पद्धत अवलंबिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ४८.१ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३३ टक्के. झांबियातील बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते. त्यामुळे हा निष्कर्षही आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येणार नाही. घ्यायचा बोध वेगळा आहे. जेथे व्हेंटिलेटर हाताशी नाही, रुग्ण कृश आहे आणि उशिरा पोहोचला आहे, तेथे उपचारांची कसोटीही तेथेच लागली पाहिजे.

हे काम लहान गावात होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रानेच उत्तर दिलेले आहे. रायगड जिल्ह्यातील महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले. रक्तदाबावरील प्रॅझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांसाठी वापरले आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. पुढे प्रतिविषाची जोड द्यावी का, हा प्रश्नही त्यांनी ७० रुग्णांच्या पद्धतशीर चाचणीने सोडविला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ९१.४ टक्के, तर केवळ प्रॅझोसिन मिळालेल्या गटात २२.९ टक्के होते.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या शेजारचे, बारामतीचे. तेथील डॉक्टरांनी कीटकनाशकाच्या विषबाधेच्या २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. प्रॅलिडॉक्झिम हे औषध थांबून थांबून देण्याऐवजी मोठ्या मात्रेत सलग दिले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण आठ टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले. श्रीलंकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र या औषधाचा लाभ दिसला नाही. विष कोणते होते, रुग्ण किती वेळाने पोहोचला आणि त्याची शुश्रूषा कशी झाली, यावर हा फरक अवलंबून असू शकतो. म्हणजे वाद मिटलेला नाही. तो मिटवायचा तर आपल्याच रुग्णांचा अभ्यास करावा लागेल.

सोलापुरात त्यासाठी पाया तयार आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून उभे आहे. वैद्यकीय पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध सक्तीचा आहे, म्हणजे राज्यभर दरवर्षी भूलशास्त्राचे कितीतरी प्रबंध लिहिले जातात. कण्यातील भुलीच्या औषधात दुसरे एखादे औषध मिसळले तर बधिरता किती मिनिटे वाढते, हा त्यातील आवडता विषय. तो निरुपयोगी नाही. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडविण्यात विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे खर्ची पडावीत काय? रक्तक्षय असलेल्या, वजनाने कमी असलेल्या मातेला सिझेरियनसाठी भुलीची मात्रा किती असावी? तालुक्याच्या ठिकाणाहून पाठविताना रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणे हिताचे, की प्राणवायू देऊन तातडीने रवाना करणे? तातडीच्या प्रसूतीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना भूल प्रशिक्षण देण्याची योजना आहे. अशा डॉक्टरांच्या हाताखालील रुग्णांचे पुढे काय होते? या प्रश्नांची उत्तरे सोलापूरसारख्या जिल्ह्यातच मिळू शकतात. एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न असेल, तर चार-पाच शासकीय महाविद्यालयांनी मिळून एकच आराखडा राबवावा.

येथे एक सावधगिरी हवी. गरीब रुग्ण हा प्रयोगाचे स्वस्त साधन ठरता कामा नये. देशात वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेतच संमती घ्यावी लागते. मैंदर्गी परिसरात अनेक घरांतून कन्नड बोलली जाते. तेथील आजीबाईंपुढे मराठी वा इंग्रजी छापील कागद ठेवून अंगठा घेतला, तर ती संमती नव्हे. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत तर निर्णय घाबरलेल्या नातेवाइकांवर येतो. त्यांना नकाराचा अधिकार आहे आणि नकार दिला तरी उपचारांत कसूर होणार नाही, हे त्यांच्या भाषेत सांगणे ही संशोधकाची पहिली जबाबदारी आहे.

नवी यंत्रे, नव्या खाटा यांची मागणी रास्तच आहे. तिच्या जोडीला अत्यवस्थ रुग्णांची नीट नोंद ठेवण्याची आणि त्यातून प्रश्न विचारण्याची सवय लावली, तर तिला फार मोठा खर्च येत नाही. लागते ती संशोधनासाठी मोकळीक, एखादा नोंदी ठेवणारा कर्मचारी आणि विषय निवडताना थोडा विवेक. वैद्यकीय शिक्षण खात्याने एवढे केले, तरी मैंदर्गीहून सोलापूरला पोहोचणाऱ्या पुढच्या रुग्णाला त्याच्यासारख्याच रुग्णांच्या अनुभवाचा आधार मिळेल.