झुकलेली फांदी फुलते



आमच्या घरामागे दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब एवढेच अंगण आहे. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात धुणे वाळत घालायची दोरी आणि मधल्या भिंतीवर गुलाबाची वेल. ही वेल अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लावली. पहिले फूल येण्याआधीच त्यांना अल्लाहचे बोलावणे आले. त्यामुळे वेलीची काळजी माझ्याकडे आली, आणि तीन वर्षे मी ती अगदी मनापासून चुकीची घेतली.

कुंडीतल्या गुलाबाची ऑक्टोबरात छाटणी करतात हे मला ठाऊक होते. म्हणून दर ऑक्टोबरला मी कात्री घेऊन वेलीच्या लांब फांद्या अर्ध्यावर आणायची. ती दुप्पट जोराने सरळ वर जायची. फुले यायची तीन-चार, आणि तीही पत्र्याच्या वर, जिथे कावळ्यांशिवाय कोणी बघणार नाही. गेल्या वर्षी माझ्या धाकटीचा गाल एका काट्याने ओरखडला. त्या रात्री अम्मीच म्हणाल्या, ‘‘काढून टाक गं ती. उगाच कोणाला इजा नको.’’ म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी माझ्याकडे बघितले नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेत गेले, तिथे काही बिनकाट्याचे मिळते का बघायला. तिथल्या म्हाताऱ्या माळीचाचांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘बेटी, फांद्या उभ्या बांधल्यास की आडव्या?’’ मी म्हटले, उभ्या. ते म्हणाले, ‘‘मग फूल खाली कसे येणार? तिला कापू नको, झुकव.’’

आजचा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

फांदी सरळ उभी असते तेव्हा शेंड्याचा कोंब ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार करतो. ते खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. म्हणून सगळी वाढ आणि सगळी फुले टोकाला जातात. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचा हा वचक सैल होतो. फांदीवरचे झोपलेले डोळे एकेक करून जागे होतात, प्रत्येकातून वीतभर फूट निघते आणि त्या फुटीच्या टोकाला फुले लागतात. उभ्या फांदीला एक गुच्छ, तर आडव्या फांदीला दहा.

वेल भिंतीवर अशी बसवावी. जमिनीपासून दीड फुटावर पहिली जस्ताची तार ओढावी आणि तिच्यावर फूट-सव्वा फुटाच्या अंतराने आणखी तीन-चार तारा. तारा भिंतीला चिकटवू नयेत, तीन इंच पुढे ठेवाव्यात. पाठीमागून वारा खेळला की भुरी कमी येते. फांद्या पंख्यासारख्या दोन्ही बाजूंना पसरून बांधाव्यात. बांधायला तार नको, ती सालीत रुतते. जुन्या ओढणीच्या पट्ट्या उत्तम. पट्टीला तार आणि फांदी यांच्यामध्ये एक पीळ द्यावा आणि गाठ सैल ठेवावी, म्हणजे फांदी जाड झाली तरी आवळली जात नाही.

इथे माझी दुसरी चूकही सांगते. घरी येताच मी एक जुनी, अंगठ्याएवढी फांदी एका दमात वाकवली आणि ती कडकन मोडली. अम्मी आतून धावत आल्या. झुकवायची ती यंदाची, हिरवी, लवचिक फांदी. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, मग थोडे वाकवून बांधावे, आठवड्याने आणखी थोडे. दोन-तीन आठवड्यांत ती आडवी होते. जुनी फांदी हट्ट करत असेल तर ती तशीच राहू द्यावी, तिच्या बुडातून येणाऱ्या नव्या फांदीला वळण लावावे.

ज्यांना नव्याने लावायची आहे त्यांच्यासाठी थोडे. निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी भिंत निवडावी, सकाळचे ऊन असेल तर फारच चांगले. रात्रीचे दव लवकर सुकते, आणि पानांवरचा काळ्या ठिपक्यांचा रोग ओल्या पानांवरच पसरतो. भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा. त्यात दोन घमेली कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. काळी चिकट माती असेल तर वाळू किंवा बारीक मुरूम घालावा, कारण गुलाबाला पाणी हवे, पण साचलेले नको. जिथे डोळा भरला आहे ती गाठ मातीच्या वर राहू द्यावी. या गाठीच्या खालून जी फूट येईल ती खुंटाची, म्हणजे गावठी. ती दिसताच बुडातून ओढून काढावी, नाहीतर दोन वर्षांत खुंटच सगळी भिंत व्यापतो.

वाण घेताना ‘वर्षातून पुन्हा पुन्हा फुलणारा क्लाइंबर’ असे स्पष्ट सांगून मागावे, कारण काही वेली वर्षातून एकदाच फुलतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेला पांढरा ‘दिल्ली व्हाइट पर्ल’, कमी काट्यांचा पिवळा ‘गोल्डन शॉवर्स’, लाल पाकळ्यांचा आणि मध्ये पिवळा असलेला ‘कॉकटेल’ ही विचारण्याजोगी नावे. लहान मुले असतील तर जाण्यायेण्याच्या वाटेवर वेल लावू नये. माझ्या धाकटीचा गाल वेलीमुळे नाही, माझ्या निष्काळजीपणामुळे ओरखडला. वाटेवर लोंबणारी फांदी मीच बांधली नव्हती.

पहिली दोन वर्षे कात्री जवळजवळ विसरावी. वाळलेले आणि रोगट तेवढे काढावे. पुढे दरवर्षी ऑक्टोबरात फुलून गेलेल्या आडफुटी दोन-तीन डोळ्यांवर कापाव्यात. मुख्य फांद्या पाच-सहा झाल्या की सगळ्यांत म्हातारी एक बुडातून काढून नव्या फांदीला जागा द्यावी. एवढीच छाटणी.

पाण्याचे म्हणाल तर आम्ही वुजूचे पाणी वापरतो. अंगणातल्या नळाखाली घमेले ठेवले आहे. पाच वेळांचे पाणी साठते आणि साबण नसल्याने ते झाडाला चालते. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा एक बादली पुरते, उन्हाळ्यात एक दिवसाआड लागते, पावसाळ्यात देऊच नये. पाणी बुडाशी घालावे, पानांवर नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये ही शिकवण आपण मुलांना तोंडाने सांगतो. घमेले ती रोज दाखवते. आता माझी धाकटीच भरलेले घमेले वेलीपर्यंत नेते आणि निम्मे स्वतःच्या पायावर सांडते.

कोवळ्या कोंबांवर मावा आला तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारावा, तेवढ्याने बराच जातो. राहिलाच तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. एक सावधगिरी मात्र ठेवा. रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या किंवा औषध फवारलेल्या वेलीच्या पाकळ्या गुलकंदात किंवा खिरीवर घालू नयेत.

आणि शेजाऱ्याचा हक्क विसरू नये. वेल भिंतीपलीकडे गेली तर काटे त्यांच्या अंगणात पडतात. आम्ही पलीकडे जाणारी फांदी अलीकडे वळवून घेतो, आणि फुले आली की पहिला गुच्छ भिंतीवरून त्यांच्या हातात देतो.

गेल्या ऑक्टोबरात वेल झुकवली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी फजरनंतर अम्मी नेहमीप्रमाणे अंगणात खुर्ची टाकून तसबीह घेऊन बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना मान वर करून उभे राहणे जमत नाही, म्हणून तीन वर्षांत त्यांनी या वेलीचे फूल झाडावर असे पाहिलेच नव्हते. त्या दिवशी फुले त्यांच्या खांद्याच्या उंचीवर होती. सर्वांत खालच्या तारेवर सात, तिच्या वर किती ते मी मोजले नाही. त्यांनी हात लांबवला, एका फुलाला नुसते बोट लावले आणि हलकेच म्हणाल्या, ‘‘तुझ्या अब्बांनी लावली ना.’’

झाड लावणाऱ्याच्या झाडातून माणूस, पाखरू किंवा जनावर जे खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, या अर्थाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. आमच्या वेलीवर आता सकाळपासून मधमाश्या असतात. मी त्यांना बघते आणि अब्बांसाठी दुआ करते.

तुमच्याकडेही एखादी वेल फुलत नाही म्हणून काढून टाकायच्या यादीत असेल, तर यंदा एकदा कात्री बाजूला ठेवा आणि ओढणीच्या चार पट्ट्या फाडा. घाई करू नका, एका दमात वाकवू नका. घरात वाढत्या वयाची मुले असतील त्यांना हे वेगळे सांगायला नकोच.

इन्शाअल्लाह, पुढच्या अंकात भेटू.