गडावर नको, लावणीवर लिही
राजगडाच्या वाटेवरच्या मार्गासनी फाट्यावर एसटीची वाट पाहताना परवा एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "काका, दिवाळी अंकात लिहिण्याचे पैसे मिळतात का?" मिळतात, सगळीकडे नाही, आणि मागितल्याशिवाय तर बहुधा नाहीच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी मानधनाचा विषय काढताना आपला लेखक अजून संकोचतो. का? कागदवाल्याचे, छापखान्याचे पैसे आधी ठरतात, तसेच लेखकाचेही ठरायला हवेत. 'नाव तर होईल' हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. त्या मुलीला राजगडावर लिहायचं होतं. अगं, इथून साखर-गुंजवण्याकडे वळणारा दर दुसरा पुणेकर गडावर लिहितोच! तू भातलावणीवर लिही: आंबेमोहोराची रोपं कोण उपटतं, मजुरी कशी ठरते, दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका आपसात काय बोलतात. शहरातल्या संपादकाला हे दुसरं कोण देणार? मात्र अख्खा लेख एकदम धाडू नकोस. आधी अर्ध्या पानाचं पत्र: विषय काय, तो तुलाच का ठाऊक, शब्द किती, आणि शेवटी सरळ, मानधन किती नि कधी. तेही जून-जुलैत, कारण गणपतीपर्यंत बऱ्याच अंकांची जुळणी होत आलेली असते. एका वेळी एकच संपादक. महिनाभरात उत्तर नाही आलं तर फोन, मग दुसरं दार. आणि त्या मासिकाचे मागचे दोन-तीन अंक वाचूनच पत्र टाक, कथाविशेषांकाला शेतीवरचा लेख पाठवून दोघांचाही वेळच जातो.