मशीनला घरात हक्काची जागा हवी

दुपारच्या वेळी आपल्या कुठल्याही वस्तीतून फिरा, कोणत्या ना कोणत्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येतोच. कोणाचे मशीन माहेरहून आलेले असते, कोणी बचत गटाचे कर्ज काढून घेतलेले असते, तर कोणी जुन्या बाजारातून आणून त्याला नवा पट्टा चढवलेला असतो. तेच मशीन संध्याकाळी पाहावे, तर त्याच्यावर मुलांची दप्तरे, इस्त्रीचे कपडे आणि कधी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा! दुसऱ्या दिवशी काम करायचे म्हणजे आधी हा सगळा पसारा उचला, मशीन भिंतीपासून ओढा, कात्री शोधा, टेप शोधा. अर्धा तास यात जातो. काम झाले की पुन्हा तेवढाच वेळ आवराआवरीत.

या अर्ध्या तासाचा हिशेब घरात कोणीच धरत नाही. ब्लाऊज उशिरा दिला की बोलणी मात्र शिवणाऱ्या बाईलाच खावी लागतात. आमचे मत असे की पुष्कळदा शिवण बिघडते ते हाताच्या दोषाने नव्हे, जागेच्या दोषाने. अंधारात बेतलेले कापड वाकडे जाते, अवघडून बसलेल्या बाईची टीप सरळ येत नाही.

कारखान्यात काम करणाऱ्याला कायद्याचा थोडाफार आधार मिळाला. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पुरेसा उजेड, मोकळी हवा आणि बसण्याची सोय पाहणे ही मालकाची जबाबदारी ठरवली. घरी बसून नगावर शिवणाऱ्या आमच्या भगिनीला मात्र ना भोंगा, ना इन्स्पेक्टर. तिच्या पाठीचे आणि डोळ्यांचे तिलाच पाहावे लागते. म्हणून आज या जागेविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

खोली लहान आहे, जागा कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. मुंबईच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. तरी पायमशीनला लागते किती? फळी साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद, आणि बसणाऱ्या बाईला मागे दोन फूट. एका खाटेपेक्षाही कमी. आम्हाला तर वाटते, अडचण जागेची कमी आणि मानण्याची जास्त आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नवे घर मिळाले की सोफा कुठे ठेवायचा, हे पहिल्या दिवशी ठरते. मशीनचे काय, हा प्रश्न सामान लागल्यानंतर निघतो आणि मग ते गॅलरीत पावसाच्या झडीत उभे राहते. ज्यांना नवे घर मिळणार असेल त्यांनी मशीनची भिंत आधी ठरवावी.

भिंत ठरवताना पहिली गोष्ट पाहावी ती उजेडाची. मशीनचे चाक आणि जाड खांब उजव्या हाताला असतो, सुई डाव्या टोकाला. उजवीकडून उजेड आला तर त्या खांबाची सावली नेमकी सुईवर पडते. म्हणून खिडकी किंवा दार डाव्या हाताला किंवा डावीकडून समोर येईल असे बसावे. पाठीमागच्या भिंतीवरच्या ट्यूबचा उपयोग नाही, आपल्याच डोक्याची सावली कामावर पडते. अरुंद गल्लीतल्या घरात दिवसाही दिवा लागतो. तिथे नऊ वॉटचा पांढरा एलईडी बल्ब डाव्या बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर लटकवावा, आणि तो थेट डोळ्यांवर चमकू नये म्हणून त्याला पत्र्याची टोपी करावी. विजेचे बिल फारसे वाढत नाही. एक सांगून ठेवतो, दोऱ्याचा रंग मात्र दिव्याखाली जुळवू नये. पिवळ्या दिव्यात मोरपंखी आणि हिरव्याची गफलत होते. कापड दारात नेऊन दिवसाच्या उजेडात रीळ लावून पाहावे.

दुसरी गोष्ट बसण्याची. बहुतेक घरांत हाताला येईल ते स्टूल ओढून काम सुरू होते. स्टूल बुटके असले की खांदे वर उचलले जातात, उंच असले की मान खाली जाते. चार वाजेपर्यंत मानेची शीर धरते आणि रात्री बाम चोळत बसावे लागते. बसल्यावर हाताचे कोपर मशीनच्या फळीच्या बरोबरीने आले आणि दोन्ही पाय पायडलवर सपाट टेकले, म्हणजे उंची बरोबर समजावी. खुर्ची बिनहाताची असावी, पाठीला टेकण असावे. खुर्ची कमी पडली तर जुन्या गोधडीची घडी घालून उंची वाढवता येते. सुईच्या अगदी समोर बसावे. फळीच्या मधोमध बसले की अंग सारखे डावीकडे झुकते. हातमशीन जमिनीवर ठेवून शिवणाऱ्यांनी ते पाटावर ठेवावे आणि पाठीमागे भिंत घ्यावी. चार-पाच इंचांनी मान किती हलकी होते ते करून पाहा. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, दारापर्यंत जाऊन लांबवर नजर टाकावी. उठायला सवड कुठे आहे, असे म्हणू नका. चहाला सवड होतेच की!

मशीनच्या डाव्या बाजूला फळीच्या उंचीचे एक खोके किंवा स्टूल ठेवावे. साडीला फॉल लावताना किंवा गोधडी शिवताना सगळे ओझे तिकडे लोंबते, टीप ओढली जाते आणि सुई वाकते. ओझे स्टुलावर ठेवले की कापड आपोआप सरकते. सुईसुद्धा कापड पाहून घालावी. पातळ कापडाला ११, रोजच्या सुतीला १४ किंवा १६, जाड पँटला १८.

बेतण्याचे काम बहुतेक घरांत जमिनीवर होते. ओणवे होऊन कंबर जाते, त्यात लहान मूल कापडावर पाय देऊन जाते. त्याला साधा उपाय म्हणजे खाटेच्या मापाचा एक प्लायवूडचा तुकडा. बेतताना तो खाटेवर टाकावा, काम झाले की कपाटामागे उभा सरकवून द्यावा. त्याच्या एका कडेला खडूने न मारता पक्क्या शाईने इंचाच्या खुणा करून ठेवल्या तर टेप शोधायची वेळही वाचते. कापडाची कात्री कागदाला लावू नये, धार जाते. वर्तमानपत्राचे नमुने कापायला जुनी कात्री वेगळी ठेवावी. आणि ही कात्री कोथिंबिरीसाठी नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनासुद्धा, गोडीने सांगून ठेवावे.

गिऱ्हाइकाचे कापड ही आपल्याकडे ठेवलेली अमानत. ते स्वयंपाकाच्या ओट्याजवळ नको. फोडणीचा वास आणि हळदीचा हात दोन्ही कापडाला लवकर लागतात. प्रत्येकीचे कापड, अस्तर, मापाचा ब्लाऊज असे सगळे एका पिशवीत घालून, वर नाव, माप आणि द्यायची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाचावी. पिशव्या खिळ्यांवर ओळीने टांगल्या की आज कोणाचे द्यायचे ते बसल्या जागी दिसते. जुन्या जीन पँटचे खिसे उसवून एका जाड कापडावर शिवले तर भिंतीवर टांगायला छान कप्पे होतात. एकात रिळे, एकात बटणे-हुक, एकात बॉबिना. बॉबिना एकाच डब्यात कोंबल्या की दोऱ्यांचा गुंता होतो आणि तो सोडवण्यात दुपार जाते. टाचण्यांसाठी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून ठेवावे, संध्याकाळी जमिनीवरून फिरवले की टाचण्या गोळा. रांगते मूल असलेल्या घरात हे रोजचेच हवे.

मोटर लावली असेल तर सुई ओवताना पाय खटक्यावरून काढावा आणि काम संपल्यावर प्लग काढूनच उठावे. वायर येण्या-जाण्याच्या वाटेत नको.

आता पांढऱ्या कापडाचे. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेच्या आधी आपल्याकडे पांढऱ्या साड्यांचे ब्लाऊज आणि पांढरे सदरे यांची रीघ लागते. वर्षातली चांगली कमाई याच दिवसांत होते. आणि पांढऱ्यावर तेलाचा एक थेंब पडला तर तो लपवता येत नाही. म्हणून तेल काम संपल्यावर रात्री घालावे, सकाळी आधी चिंधीवर दहा-बारा टिपा मारून जास्तीचे तेल काढावे, फळी आणि सुईखालची पट्टी पुसावी, मगच पांढरे कापड घ्यावे. पावसाळ्यात सुईला गंज धरतो, त्याचे तांबडे ठिपकेही असेच उमटतात. ओल आलेल्या भिंतीपासून मशीन चार बोटे लांब ठेवले तर बरे.

एवढे सगळे झाले तरी घरातल्या माणसांनी ती जागा मानली नाही, तर आठ दिवसांत दप्तरे पुन्हा मशीनवर येतील. घरातल्या कर्त्या पुरुषांनी इथे थोडे लक्ष द्यावे. कारखान्यातल्या तुमच्या मशीनवर कोणी टोपली आणून ठेवली तर चालेल का? ती शिवायला बसली असताना पाणी, चहा, रडते मूल एवढे तरी दुसऱ्या कोणी पाहावे. आणि बहिणींनो, तुम्ही एक वही करा. त्यात कापड कोणाचे, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, दोरा-हुकाचा खर्च किती, पैसे किती मिळाले, हे रोज लिहा. महिन्याने वही पाहिली की शिलाईचा दर परवडतो की नाही ते कळेल. दर वाढवायची लाजही आकडा समोर असला की कमी होते.

नवे मशीन घ्यायचे असेल तर एक माहिती देऊन ठेवतो. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते. जाण्याआधी शिंपीकामाची नोंदणी चालू आहे ना, हे विचारून घ्यावे. मोबाइलवर फुकट शिलाई मशीनचे संदेश फिरतात, त्यांतल्या दुव्यावर आधार किंवा बँकेचा नंबर मुळीच भरू नये. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर या योजनेचा लाभ मिळत नाही. एका कुटुंबातून नोंदणीही एकाच व्यक्तीची होते. तेव्हा अर्ज कोणाच्या नावाने करायचा हे घरात बसून आधी ठरवा. मशीन जी चालवते तिच्याच नावाने केलेला बरा, आणि पैसेही तिच्याच खात्यात यावेत.