घेवडा-मटणाची हंडी : बोस्टनची आणि आपली



मोठ्या दुकानांत 'बेक्ड बीन्स'चे डबे दिसतात. टोमॅटोच्या गोडसर रसात बुडालेले पांढरे दाणे, बाकी काही नाही. त्या पैशात घरभर पुरेल एवढा घेवडा येतो. विलायतेतल्या या डब्यात पूर्वी मांसाचा तुकडा असे. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले, तेव्हा तो काढला गेला. घरी करायचे तर मांस घालूनच करावे, असे आमचे मत आहे. त्याला कारण चवीपेक्षा मोठे आहे, ते पुढे येईलच.

हा पदार्थ मूळचा अमेरिकेचा. तिथल्या बोस्टन शहराला त्यावरून 'बीनटाउन' हे टोपणनावच पडले आहे. तिथे पूर्वी कडक धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. रविवारी काम करणे त्यांना पाप वाटे. म्हणून शनिवारी दाणे, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा आणि काकवीसारखी साखरेची मळी असे सारे मातीच्या भांड्यात भरून विटांच्या भट्टीत ठेवत, ते शनिवारी रात्री आणि रविवारी खात. ती मळी येई वेस्ट इंडीज बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, जिथे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते. रविवारी चूल पेटवण्यात ज्यांना पाप दिसले, त्यांना या गोडीत ते दिसले नाही! धर्माचे असे सोवळे आपल्याला नवीन नाही.

दाणाही तिकडचाच. राजमा आणि घेवडा ही पिके मूळ अमेरिका खंडातली. पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी लोकांबरोबर ती जगभर गेली, आपल्याकडे रुजली. आज सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. अंगावर वाघासारखे पट्टे, शिजला की मऊ. बोस्टनची हंडी आपल्या घरी करायला हाच दाणा उत्तम.

आणि थोड्या मांसात पुष्कळ डाळ-दाणे शिजवणे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. वाळवलेल्या मांसाच्या चान्या डाळीत टाकून त्यांनी मोठाली घरे जगवली. बोस्टनने गरिबाच्या हंडीचा अभिमान धरला. आपल्याकडे तेच जेवण शेजाऱ्यांपासून झाकून ठेवावे लागले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. ते पुस्तक घराघरात असावे.

आता कृती. सहा माणसांना पाव किलो घेवडा आणि पाव किलो हाडासकट, थोडी चरबी असलेले मटण. मोठ्याचे घेणाऱ्यांनी म्हशीचे घ्यावे. महाराष्ट्रात गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. घेवडा रात्री भरपूर पाण्यात भिजवावा. सकाळी ते पाणी फेकून द्यावे, नवे पाणी घालून दहा मिनिटे खळाखळा उकळावे. ही पायरी कोणी गाळू नये. कच्च्या राजम्यात आणि घेवड्यात एक विषारी घटक असतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. नुसत्या मंद आचेवर तो जात नाही, खळखळती उकळीच लागते. मग कुकरमध्ये दाणा बोटाने सहज चेपेल इतका शिजवावा. मटणही मीठ-हळद लावून वेगळे शिजवावे, पाणी जपून ठेवावे.

दाणा मऊ होण्याआधी टोमॅटो, चिंच किंवा काकवी घालू नये. आंबट आणि गोड पडले की साल घट्ट राहते, मग कितीही शिट्ट्या करा. बोस्टनची हंडी सहा-सात तास भट्टीत राही त्याचे हेही एक कारण. आपल्याला एवढा गॅस परवडणार नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात थोडे तेल, दोन मोठे कांदे उभे चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या परताव्या. तिखट, अर्धा चमचा मोहरीची पूड, दोन टोमॅटो घालावे. मोहरी तिकडेही घालतात. तीन मोठे चमचे काकवी टाकावी, नसेल तर लिंबाएवढा गूळ. मग मटण हाडापासून सोडवून बोटांनी मोकळे करावे आणि दाण्यांत मिसळावे. हाडेही त्यातच टाकावी. मटणाचे पाणी वर बोटभर येईल एवढे घालून झाकण लावावे. खाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर तासभर ठेवावे. चूल असेल तर मातीची हंडी निखाऱ्यावर ठेवून झाकणावरही थोडे निखारे टाकावेत, हीच आपली भट्टी. शेवटची दहा मिनिटे झाकण काढले की रस दाटतो.

मटण मोकळे करा असे मुद्दाम लिहिले. आपल्या घरांत फोडी मोजून वाढल्या जातात. आधी पुरुष, मग मुले, आणि जिने रांधले तिच्या ताटात रस्सा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. वाळल्या घेवड्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, लोहही असते. पण दाण्यातले लोह अंगी लागायला सोबत थोडे मांस असले तर मोठी मदत होते. या हंडीत फोडच नाही, तेव्हा डावाने वाढले की प्रत्येकाला सारखे मिळते. तरीही घरच्या बाईने शेवटी न बसता सर्वांबरोबर बसावे. पुरुषांनी एक दिवस वाढावे, हात झिजत नाहीत.

काही उपासक विचारतील, बौद्धाने मांस खावे का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरक समजावला आहे, तो वाचावा. ज्यांना खायचे नाही त्यांनी मटणाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे घालावेत, शेवटी लिंबू पिळावे. लिंबानेही लोह अंगी लागते.

ज्वारीच्या भाकरीबरोबर ही हंडी चांगली लागते. दुसऱ्या दिवशी जास्तच मुरते. मात्र रात्री बाहेर ठेवू नये, फ्रीज नसेल तर बेतानेच करावी.