घर हलते तेव्हा



गेल्या पंधरवड्यात आमच्या गल्लीतली आणखी एक इमारत रिकामी झाली. विलेपार्ले पूर्वेच्या कोणत्याही रस्त्याने आज फेरफटका मारलात, तर दर चार-दोन इमारतींनंतर पत्र्यांचे कुंपण आणि आत पुनर्विकासाचे काम दिसेल. एकेकाळी या भागात बिस्किटांचा खमंग वास दरवळत असे. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. आता हवेत असते ती सिमेंटची धूळ. माझा दवाखाना ज्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे तीही दिवाळीनंतर रिकामी होईल आणि दवाखाना दोन गल्ल्या सोडून पलीकडे जाईल. आमचे राहते घर मात्र मे महिन्यातच हलले. सध्या आम्ही अंधेरीत भाड्याच्या घरात राहतो.

पुनर्विकासाविरुद्ध माझी तक्रार नाही. गुडघ्यांमुळे तीन जिने उतरता येत नाहीत, म्हणून महिनोन्‌महिने उंबऱ्याबाहेर न पडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी लिफ्ट हे औषधच आहे. काळजी वाटते ती जुने घर आणि नवे घर यांच्यामधल्या दोन-तीन वर्षांची. ऐंशीच्या घरातल्या माणसाला हा काळ फार जड जातो. हे मी वैद्यकीय पुस्तकातून शिकले नाही. घरात चूक करून शिकले.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारे आई म्हणतो, ८३ वर्षांच्या आहेत. १९६५ साली त्यांनी जुन्या घराचे माप ओलांडले होते. सामान बांधायला सुरुवात झाली तशा त्या गप्प होत गेल्या. नव्या घरात आल्यावर जेवण निम्म्यावर आले. आठवड्याभरात संध्याकाळी पर्स घेऊन दारापाशी उभ्या राहू लागल्या. ‘‘चल गं, उशीर झाला, आपल्या घरी जाऊ,’’ म्हणायच्या. मी त्यांची समजूत घालत राहिले. घराचे दुःख आहे, हळूहळू ओसरेल, असे सर्वांना सांगत राहिले. चौथ्या दिवशी दुपारी त्या जेवताना घास हातात धरूनच पेंगू लागल्या, तेव्हा माझ्यातली सून बाजूला झाली आणि डॉक्टर जागी झाली. रक्त तपासले. सोडियम १२१ निघाले. ते साधारणतः १३५ ते १४५ असावे लागते.

कारण साधे होते. रक्तदाबासाठी त्या लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या. अशा गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम कमी होऊ शकते. त्यात मे महिन्याचा घाम आणि मंदावलेली भूक यांची भर पडली. पाच दिवस रुग्णालयात राहून, ती गोळी बदलून त्या सावरल्या. रुग्ण दुसऱ्या कुणाच्या घरचा असता, तर मी पहिल्याच दिवशी तपासणी सांगितली असती.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती. वृद्ध माणूस काही तासांत किंवा काही दिवसांत बदलला, असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, तर ‘घर बदलले म्हणून’ किंवा ‘वय झाले म्हणून’ असे म्हणून थांबू नका. विस्मरणाचा आजार महिन्यांच्या, वर्षांच्या गतीने वाढतो. अचानक आलेल्या गोंधळामागे बहुधा शारीरिक कारण असते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, साखर किंवा सोडियम घटणे, नवे औषध, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका आणि मीठही परस्पर वाढवू नका. तोंड वाकडे झाले, एका बाजूची शक्ती गेली किंवा बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

दुसरी गोष्ट रात्रीची. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, स्थलांतरानंतर तिसऱ्याच रात्री पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. जुन्या घरात पलंगावरून उठले की न्हाणीघर डाव्या हाताला होते. नव्या घरात डावीकडे कपाट होते. झोपेतल्या पायांना हे कोण सांगणार? पलंग शक्यतो असा लावा, की उतरण्याची बाजू आणि न्हाणीघराची दिशा पूर्वीसारखीच राहील. वाटेवर रात्रभर मंद दिवा असू द्या. सुटी पायपुसणी काढून टाका. भाड्याचे घर असले, तरी मालकाची परवानगी घेऊन शौचालयात भिंतीला पक्का दांडा बसवून घ्याच.

उठताना चक्कर येत असेल, तर रक्तदाब झोपून आणि मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर डॉक्टरांशी औषधांविषयी बोला. तोवर अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटे काठावर बसा, मग उभे राहा.

तिसरी गोष्ट सामानाची. औषधे, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणि जुने वैद्यकीय कागद टेम्पोत चढवू नका. स्वतःच्या पिशवीत ठेवा. चष्मा आणि श्रवणयंत्र खोक्यात अडकून पडले, तर माणसाचा नव्या जागेत निम्मा आधार जातो. न उघडलेले इन्सुलिन शीतकपाटात ठेवावे लागते, हे लक्षात असू द्या. नवा पत्ता मजला व खुणेसह मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. संकटात वृद्धांच्या तोंडून जुनाच पत्ता निघतो.

आणि शेवटची गोष्ट माणसांची. साठ वर्षांचा शेजार एका दिवसात पाच उपनगरांत विखुरतो. भाडे, करारनामा, मुलांच्या शाळा हे सारे आपण ठरवतो, पण आजींनी संध्याकाळी कुणाशी बोलायचे हे कुणीच ठरवत नाही. जुन्या शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक इमारत सोडण्यापूर्वीच वहीत उतरवून घ्या. कुणाशीच बोलता येत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही विनाशुल्क मदतवाहिनी आहे.

आईंची खबरबात सांगते आणि थांबते. त्या आता बऱ्या आहेत. दर गुरुवारी आम्ही त्यांना रिक्षाने पार्ल्याच्या बागेत नेतो. जुन्या इमारतीतल्या तिघीजणी तेथे येतात. परवा परतताना रिक्षा पत्र्याच्या कुंपणापाशी थांबवायला त्यांनी सांगितले. आत मोकळे मैदान होते. बराच वेळ पाहून म्हणाल्या, ‘‘तगर तेवढी ठेवलीय त्यांनी.’’ मग स्वतःच रिक्षावाल्याला म्हणाल्या, ‘‘चला, अंधेरीला.’’

तुमच्याही घरात सामानाची बांधाबांध सुरू असेल, तर या आठवड्यात ज्येष्ठांची एकदा तपासणी करून घ्या. सांभाळून राहा.