पौरोहित्याची सनद कोणाच्या हाती?

पुरोहित कोणी व्हावे या प्रश्नाशी समाजवाद्यांचा संबंध काय, असे आपल्यातील काही साथी विचारतात. ज्यांना पुरोहितच नको, त्यांनी त्याच्या नेमणुकीची चिंता का वाहावी, हा त्यांचा सवाल वरवर बिनतोड वाटतो. परंतु शिरूर आणि दौंड तालुक्यांत आपण ज्या कष्टकऱ्यांत काम करतो, त्यांच्या घरी जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी कोणी ना कोणी धर्माधिकारी येतोच. जोवर तो येतो, तोवर त्याला हा अधिकार कोणी दिला, हा सामाजिक सत्तेचाच प्रश्न राहणार.

या सत्तेला रोकड हिशेबही होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावण्यास प्रारंभ केला. पुढे १८८०च्या दशकात याच पुणे जिल्ह्यातील ओतूरच्या ग्रामजोशांनी न्यायालयात धाव घेतली. आम्हांला बोलावले नाही तरी दक्षिणा आमचीच, असा त्यांचा दावा होता. श्रमावाचून मोबदला मागणारा हा हक्क म्हणजे वतनदारीच होय. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी त्याविरुद्ध विधेयक मांडले आणि १९२६ मध्ये त्याचा कायदा झाला. दक्षिणेची सक्ती गेली. जन्मसिद्ध अधिकाराची समजूत मात्र गेली नाही.

जन्माइतकीच लिंगाची भिंतही भक्कम आहे. तिचा पुरावा दौंड तालुक्यातच, केडगावी आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांची कन्या रमाबाई हिला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पदव्या दिल्या, पौरोहित्य दिले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथे मुलग्यांना शिकवण्याचा प्रश्न निघताच चर्चमधील वरिष्ठांनी आक्षेप घेतला. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यास या बाईंनी नकार दिला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचा मराठी अनुवाद केला. तो तेथील स्त्रियांनीच छापला. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. ज्या ग्रंथावर पाळक प्रवचन करतो, तो ग्रंथ मराठीत आणण्याची योग्यता स्त्रीपाशी होती. पाळकपदाची दीक्षा मात्र तिच्यासाठी नव्हती.

त्या काळी हे घडणे अशक्यच होते, असे कोणी म्हणू नये. शेजारच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. हे मिशन ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून आले, त्या परंपरेतील एका मंडळीने अमेरिकेत १८५३ मध्येच अँटोनेट ब्राउन या स्त्रीला दीक्षा दिली होती. अलीकडच्या काळात अनेक प्रॉटेस्टंट चर्चांनी ही वाट मोकळी केली आहे. कॅथलिक चर्चने ती अद्याप बंदच ठेवली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात यावर नेमका उपाय सुचवला होता. पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये, परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कोणत्याही हिंदूला सनद मिळावी, सनदेवाचून विधी करणे गुन्हा ठरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुरोहिताला सरकारी नोकर करण्याच्या त्यांच्या सूचनेविषयी मतभेद होऊ शकतो. निधर्मी राज्याने धर्माची आस्थापना सांभाळावी काय, ही शंका रास्त आहे. पण योग्यता परीक्षेने ठरावी, कुळाने नव्हे, या तत्त्वाला उत्तर नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. बाबासाहेबांच्या विचाराच्या दिशेने पडलेले ते एक पाऊल होते.

तथापि केवळ पुरोहिताची जात बदलून भागणार नाही. तोच हुंडा, तेच कन्यादान, तोच कर्ज काढून केलेला मानपान कायम राहिला, तर मक्तेदार बदलेल, मक्ता राहील. म्हणून कार्यकर्त्यांनी आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. सत्यशोधक पद्धतीने किंवा १९५४च्या विशेष विवाह कायद्यान्वये विवाह करावेत. घरच्यांचा आग्रह विधीसाठीच असेल, तर तो करण्यास कोणत्याही जातीची जाणती स्त्री बोलवावी. ख्रिस्ती साथींनी आपल्या मंडळीत व्यासपीठावर स्त्री का नाही, हे विचारावे.

व्यासपीठावर जन्मामुळे चढणारा माणूस समोरच्यांना जन्मानेच खाली बसवतो. आपल्या अंगणात ज्याला आपण तो मान देतो, त्याची सनद आपणच तपासली पाहिजे.